अगाशी दाखवा, मग बोलू

सौर पॅनल बसवायचं आमच्या घरात ठरलं ते २०२४ च्या पुरानंतर. ऑगस्टच्या शेवटी वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या कारेलीबागेत शिरलं, आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि दोन दिवस लाइट नव्हते. सासरे म्हणाले, "वर्षभर डोक्यावर एवढं ऊन असतं, निदान आपली वीज आपल्या अगाशीवर असू दे." हे बोलताना आम्हा सगळ्यांचाच समज असा होता, की पॅनल लावले की लाइट जायची चिंता संपली. तो समज चुकीचा निघाला, आणि तो कुणी खोडला, कुणी तसाच राहू दिला, यावरूनच आम्हाला माणसं कळत गेली.

सुरुवात एका फोनने झाली. "सरकारी योजनेतून बोलतोय, तुमच्या घरी पॅनल फुकट लागणार, फक्त नोंदणीचे अडीच हजार भरा." प्रधानमंत्री सूर्य घर योजनेच्या नावात 'मुफ्त बिजली' आहे, त्याचा हे लोक फायदा घेतात. पॅनल फुकट नसतात. आपण इन्स्टॉलरला पूर्ण रक्कम द्यायची, सिस्टिम चालू होऊन तपासणी झाली की अनुदान आपल्या बँक खात्यात येतं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला जास्तीत जास्त ७८,०००. फोनवरच्या माणसाने आधार नंबर आणि ओटीपी मागितला, तेव्हा मी फोन ठेवला. शेजारच्या काकींनी पैसे भरले होते. ते गेलेच.

मग आम्ही योजनेच्या पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून तिघांना घरी बोलावलं. यादीत नाव असणं ही पहिली पायरी आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवू नये, हे मात्र मी आज ठामपणे सांगेन.

पहिला आला तो अगाशीवर चढलाच नाही. दिवाणखान्यात बसून, लाइट बिलाचा फोटो काढून, १,४८,००० चं कोटेशन लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यात एकच ओळ: '३ किलोवॅट सोलर सिस्टिम, कम्प्लीट.' पॅनल कोणत्या कंपनीचे, किती वॅटचे, किती नग, काही नाही. मी फोन करून विचारलं तर कळलं, ५४० वॅटचे पाच पॅनल. पाच गुणिले ५४० म्हणजे २,७०० वॅट. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिथेच थांबले. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, तीन किलोवॅटचा असला तरी पॅनल २.७ चेच, आणि अनुदान ठरवताना दोन्हीतली कमी क्षमता धरतात. "लाइट गेले तर काय होईल?" या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, "बेन, तुमच्या घरात दिवाळीच राहील." पॅनल देशी बनावटीचे, म्हणजे डीसीआर आहेत का, असं विचारल्यावर, "सगळे तसेच असतात." तसे ते नसतात, आणि डीसीआर नसतील तर अनुदान मिळत नाही.

दुसऱ्याचा दर मधला होता, कागद नीट होते. पण तीन पावसाळे काढलेल्या सिस्टिमचे तीन पत्ते मागितले, तेव्हा त्याने दोनच दिले आणि दोन्ही गेल्या चार-सहा महिन्यांतले. तरी आम्ही समा रोडजवळचं एक घर पाहून आलो. सासरे रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. लोखंडावर त्यांची नजर जाते तशी आमची जात नाही. तिथल्या पॅनलखाली ते उकिडवे बसले आणि मला बोलावलं. एका बोल्टपासून भगवी रेघ निघाली होती, पाइपवरून ओघळत खाली आलेली. सिस्टिमला जेमतेम पाच महिने झाले होते. त्यांनी खिशातलं लोहचुंबक बोल्टला लावलं, ते टक्कन चिकटलं. स्टेनलेसचा बोल्ट चुंबकाला असा धरून ठेवत नाही. पुढे एके ठिकाणी पाइप जागेवर कापलेला होता, ते टोक उघडंच होतं, त्यावर झिंकचा हातही फिरवलेला नव्हता. "पॅनल पंचवीस वर्षं टिकेल," सासरे म्हणाले, "पण बसणार कशावर?"

तिसरे दोघे भाऊ, मकरपुऱ्याकडे दुकान. धाकटा आला तो थेट अगाशीवर. वर जाऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, "उत्तरायणाला इथे किती जण असता?" मी त्याच्याकडे बघतच राहिले. वडोदऱ्यात १४ आणि १५ जानेवारीला सगळं घर वर असतं, पोरं पतंगामागे मागे न बघता पळतात. तिळाच्या लाडवाचा डबा, उंधियू, खुर्च्या, सगळं वर. पॅनल खाली, कमरेएवढ्या उंचीवर लावले असते तर अर्धी अगाशी गेली असती आणि पळणारं पोर कोपऱ्यावर आपटलं असतं. उंच स्ट्रक्चरला खर्च जास्त येईल, वारं जास्त लागेल म्हणून पाया जड करावा लागेल, हेही त्यानेच सांगितलं.

मग त्याने सांगितलं की तो डिसेंबरात पुन्हा येईल. आला, दुपारी चार वाजता. आमच्या पाण्याच्या टाकीची सावली जिथे पडत होती तिथे खडूने रेघ मारली. अर्ध्या तासाने पुन्हा मारली. "सूर्य सगळ्यात खाली असतो तो या महिन्यात. दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब पडते ती आता." एका पॅनलवर सावली पडली तरी त्याला जोडलेल्या बाकीच्यांचं उत्पादनही मार खातं, म्हणून त्याने सगळी ओळ दोन फूट दक्षिणेला सरकवली. ती खडूची रेघ मी कितीतरी दिवस पुसू दिली नाही.

लाइट जाण्याबद्दल मी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "बंद पडणार. बॅटरीशिवायचा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून थांबतो, थांबायलाच हवा. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून करंट जाईल." ऐकून सासऱ्यांचा चेहरा उतरला, पण उत्तर पटलं. बॅटरीचा वेगळा खर्च त्याने मांडून दाखवला. आम्ही ती घेतली नाही.

इन्व्हर्टर कुठे लावायचा, यावरही माझं मन त्याच्याकडे झुकलं. पहिल्या दोघांनी तो खाली मीटरशेजारी दाखवला होता, तिथे केबल कमी लागते. याने जिन्यातली पुराची ओली खूण पाहिली आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्याच्या जिन्यात, सावलीत लावायचा म्हणाला.

त्याने चार पत्ते दिले. आम्ही त्याला न सांगता मांजलपूरच्या एका घरी गेलो. तिथल्या बाईंनी स्तुती केली नाही. "दुसऱ्या वर्षी इन्व्हर्टर बिघडला. बदलून मिळायला अकरा दिवस लागले, फार चिडले होते मी," त्या म्हणाल्या. मग सांगितलं की फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी तो आला होता, कंपनीकडे तक्रार त्यानेच घातली, आणि रोज संध्याकाळी काय झालं ते कळवत होता. ही तक्रार ऐकूनच आमचं ठरलं. बिघाड कुणाच्याही घरी होऊ शकतो. अकरा दिवस फोन उचलणारा माणूस मिळायला हवा.

दर होता १,८२,०००. सर्वात महाग. नवऱ्याला आधी तो पटला नाही, आणि त्यात चूक काही नव्हती, ३४,००० चा फरक कमी नाही. पण कोटेशन दोन पानी होतं: पॅनलचं मॉडेल, सहा नग, स्ट्रक्चरच्या पाइपची जाडी, केबलचे मीटर, तीन वेगळी अर्थिंग, पाच वर्षं देखभाल, पैसे कोणत्या टप्प्यावर किती. आगाऊ वीस टक्के, माल आल्यावर साठ, नेट मीटर (घेतलेल्या आणि परत दिलेल्या विजेचा हिशेब ठेवणारा) लागल्यावर उरलेले.

आगाऊ रक्कम घ्यायलाही त्याने आधी नकार दिला. आमचं बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर येत होतं, त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. "आधी वीज कंपनीत नाव बदला, मग अर्ज. नाव जुळलं नाही तर अनुदान अडकेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल." पहिल्या माणसाने याच गोष्टीला "होऊन जाईल" म्हटलं होतं. नाव बदलण्यात महिना गेला. त्यामुळे त्या वर्षीची उत्तरायण मोकळ्या अगाशीवरच झाली.

काम फेब्रुवारीत झालं. माल आला त्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि वहीत सहाही पॅनलच्या मागचे सीरियल नंबर उतरवून बिलाशी ताडून पाहिले. हे प्रत्येकाने करावं, कारण पुढे वॉरंटी मागताना तेच नंबर लागतात. एक घोळही झाला. कारागिरांनी वीजरोधकाची, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत सोडणाऱ्या सळीची, अर्थिंग आणि इन्व्हर्टरची अर्थिंग एकाच खड्ड्यात जोडायला घेतली. सासऱ्यांनी खालून ओरडून थांबवलं. वीज पडली तर तो झटका थेट घरातल्या यंत्रांकडे यायला वाट मिळाली असती. धाकट्या भावाला फोन केला, तो तासाभरात आला, वाद न घालता तिसरा खड्डा खणायला लावला. पैसे वाढवले नाहीत.

मार्चमध्ये मीटर लागला, एप्रिलमध्ये ७८,००० खात्यात आले. दोन महिन्यांचं बिल आता मुख्यतः स्थिर आकाराचं येतं. मे महिन्यात ऊन सर्वात कडक असूनही युनिट मार्च-एप्रिलपेक्षा कमी झाली, तेव्हा मी घाबरून फोन केला. पॅनल तापला की उत्पादन उतरतं, आणि धूळही बसते, सकाळी लवकर पाणी मारा, असं त्याने समजावलं. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर तो न बोलावता आला. प्रत्येक पायाच्या कडेने हात फिरवून ओल बघितली, खालच्या खोलीच्या छताला टॉर्च लावला.

सध्या कबुतरांचा त्रास सुरू झाला आहे. जाळी लावायला बोलावलं, तर म्हणाला, आधी अंडी आहेत का ते बघा. कडेच्या पॅनलखालच्या खोबणीत दोन आहेत. पिल्लं उडाली की तो येणार आहे.