जोडीचे ब्लॉक

आरडी ही जुनी मोटरसायकल शोधायची असेल तर आरडीवाल्याला विचारून उपयोग नसतो. ज्याच्याकडं आहे तो नाही म्हणतो, आणि ज्याच्याकडं नाही तो ‘आमच्या पाव्हण्याकडं आहे’ म्हणून दिवसभर गावं हिंडवतो. मी बोअरिंगवाल्याला विचारतो, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर ब्लॉक आतून कापून नव्यानं गोल करणाऱ्याला. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटरसायकलचा ब्लॉक बोअरला येतो तो एकटा येतो. दोन ब्लॉक एकाच तारेत ओवून आले आणि आतला बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ६४ मिलिमीटरचा निघाला, तर गाडी एकच. राजदूत ३५०, म्हणजेच आरडी.

एस्कॉर्ट्सनं यामाहाचं इंजिन घेऊन १९८३ ला ती आपल्याकडं काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. पहिल्या एचटीची, म्हणजे हाय टॉर्कची, ताकद ३०.५ बीएचपी होती. मायलेजची बोंब झाल्यावर ताकद उतरवून एलटी, म्हणजे लो टॉर्क, आणली, ती २७ च्या आसपास. पेट्रोल पिणारी, सुट्या भागांना महाग, आणि एवढ्या वेगाला पुढं ड्रम ब्रेक. १९८५ ला सीडी १०० आणि आरएक्स १०० या छोट्या गाड्या आल्यावर हिला कोण विचारणार? ते दशक संपता संपता गाडी बंद झाली. मुळात निघाल्याच थोड्या, त्यातल्या बऱ्याच सुट्या भागांसाठी फोडल्या गेल्या. हे मी ऐकीव सांगत नाही, मी स्वतः फोडल्यात. नव्वदच्या दशकात जुन्या आरडीला भंगारापलीकडं भाव नव्हता.

खेड्यात जाऊन ‘राजदूत आहे का’ विचारलं की लोक दूधवाल्याची १७५ दाखवतात. ‘दोन सायलेन्सरची राजदूत’ असं विचारावं लागतं. मग म्हाताऱ्या माणसांचे डोळे चमकतात.

गेल्या वर्षी पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं. एचटीच हवी, चेसी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळणारे हवेत, पैशाचं बघू नका म्हणाले. गाडी चालू स्थितीत हवी का, हे त्यांनी विचारलं नाही. अशी गिऱ्हाइकं आता वाढलीत. गाडी दिवाणखान्यात उभी करतात, वर कापड टाकतात, वर्षातून एकदा फोटो काढतात. टू-स्ट्रोक इंजिन उभं राहून मरतं. क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या मारानं फिरणाऱ्या दांड्याचे, सील वाळतात, बेअरिंगला गंज धरतो. पण काम नाकारावं असं त्यात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शोधायला मलाच आवडतं.

बोअरिंगवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी मान वर न करता फळीच्या वरच्या कोपऱ्याकडं बोट केलं. ‘ते बघ. कवापासनं पडल्यात.’ ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली जोडी होती. तारेला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर निळ्या बॉलपेननं ‘आंबेवाडी’, एक आडनाव आणि तारीख, १८-७-०५. बोअर करून, होनिंग करून, म्हणजे आतून घोटून, तयार. न्यायला कोणी आलंच नाही. काकांनी वीस वर्षांत ती विकली नाहीत, हे मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं वाटलं. मागणारे किती आले असतील याची मला कल्पना आहे.

शिवाजी पूल ओलांडला की आंबेवाडी. पंचगंगेला पाणी आलं की आधी चिखली आणि आंबेवाडीच बातमीत येते. घर सापडायला वेळ लागला नाही. घरधनी सहा वर्षांपूर्वी वारले होते. आक्का सत्तरीच्या पुढच्या. मी कशाला आलोय ते सांगितलं तर काही न बोलता उठल्या आणि गोठ्याचं दार उघडलं.

गाडी वर टांगलेली होती. सागवानी तुळईला चेन पुली अडकवून, विहिरीची मोटर वर काढतात तशी, दोराच्या चार फासांत. ‘दोन हजार पाचचा पूर आला आणि ऊस गेला,’ आक्का म्हणाल्या. ‘ब्लॉक आणाय पैसं न्हवतं. पाणी उतरल्यावर ह्येनी गाडी वर घेतली. म्हणालं, परत पाणी आलं तर भिजाय नको.’ पाणी परत आलं. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, जिथं धोक्याची पातळी ४३ आहे. २०२१ ला पुन्हा तेच. दोन्ही चाकांच्या आऱ्यांवर गाळाची सरळ रेघ होती, आखणीनं मारल्यासारखी, रिमच्या जरा वर. क्रँककेस, म्हणजे क्रँकचं घर, तिच्या वर. सिलिंडरच्या जागी दोन्ही तोंडांत धोतराचे बोळे कोंबलेले आणि त्यावर प्लॅस्टिक बांधलेलं. मी बोळा काढून बोट आत घातलं. कनेक्टिंग रॉडला तेल होतं.

त्या माणसानं ही गाडी किती जपली असेल, हे मला त्या बोटाला लागलेल्या तेलावरून कळलं.

आक्कांनी पत्र्याच्या ट्रंकेतून आरसी बुक आणलं. १९८४ ची नोंद, म्हणजे एचटी. चेसी नंबर जुळला. मग शिडीवर चढून क्रँककेस पेट्रोलनं धुतला, ब्रश मारला, नंबरवर कागद धरून शिसपेन्सिल तिरकी घासली. आकडे पांढरे उमटले. शेवटचे तीन आकडे बुकाशी जुळत नव्हते. मी तीनदा घासून बघितलं. मग ब्लॉकची जोडी आठवली. दुकानात हातात घेतली तेव्हाच आतल्या पोर्टवर, म्हणजे धुराच्या वाटांवर, बोट फिरवताना ती एलटीची वाटली होती, पण बोअरिंगवाल्याकडं मिसळली असेल असं समजून मी सोडून दिलं होतं. मिसळलेली नव्हती. या एचटीच्या चेसीत एलटीचं इंजिन बसलेलं होतं.

गाडी फक्त एकदाच पूर्ण उघडली होती, असं आक्का म्हणाल्या. ‘तुमच्या वस्तादाकडं.’

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते वस्ताद जाऊन आता बारा वर्षं झाली. गॅरेज, प्रेस, वाकडेपणा मोजायचा डायल गेज, त्यांच्या वह्या, सगळं माझ्याकडं आहे. इंजिन चेसीतून खाली उतरवलं की नंबर वहीत लिहायचा, हा त्यांचा नियम. चोरीची गाडी आली तर पोलिसांपुढं काही दाखवता यावं म्हणून. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं होतं, मी तेव्हा सतरा वर्षांचा. त्या रात्री १९९७ ची वही काढली. जुलैच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात, दोन ओळी एकाखाली एक. आंबेवाडी, आरडी, इंजिन नंबर, क्रँक. इचलकरंजी, आरडी, इंजिन नंबर, क्रँक. दुसऱ्या ओळीतला नंबर मी त्या दिवशी दुपारी आंबेवाडीत पेन्सिलीनं घासून आणला होता.

क्रँकचं काम कळल्याशिवाय यातला पेच कळणार नाही. आरडीचा क्रँक अखंड नसतो. फ्लायव्हील, पिना, बेअरिंग, मधला सील असे तुकडे प्रेसवर दाबून जोडलेले असतात. एका टोकाचा सील गेला तर इंजिन गिअरचं तेल ओढून पांढरा धूर काढतं, दुसऱ्या टोकाचा गेला तर हवा ओढतं आणि पिस्टन जाम होतो. सील बदलायला अख्खं इंजिन दोन फाकांत उघडावं लागतं. आणि क्रँक परत दाबून जोडला की तो सरळ नसतोच. सेंटरला धरून, डायल लावून, कुठं उंच आहे ते बघून तांब्याच्या हातोड्यानं एकच ठोका मारायचा. जास्त बसला तर दुसऱ्या बाजूनं. वस्ताद ३० मायक्रॉनच्या आत आणायचे, आणि डायल लावायच्या आधी अंगठ्यानं सांगायचे, ‘डावी बाजू चढल्या बघ.’ शाळा सातवीपर्यंत. सांगली, निपाणी, बेळगावहून क्रँक यायचे. असं काम करणारा हात मी नंतर पाहिला नाही, माझाही नाही.

त्या आठवड्यात दोन आरड्या एकाच वेळी उघडल्या होत्या. दोन इंजिनं एका बाकावर. वरून दोन्ही सारखीच दिसतात. इचलकरंजीच्या मालकाचे माग होते, रोख पैसे देऊन गेला. आंबेवाडीचं काम उधार, उसाचं बिल आलं की. एवढं मला आठवतं. आणि हेही आठवतं, की त्यातलं एक इंजिन रविवारी मी एकट्यानं चेसीत चढवलं होतं. वस्ताद कुठल्याशा लग्नाला गेले होते. कुठलं इंजिन कुठल्या चेसीत, हे मला त्यांनी सांगितलं होतं की मीच जवळचं उचललं? सांगितलं असेल तर काय सांगितलं? मी या प्रश्नावर कित्येक रात्री जागलोय. वहीत इंजिन आत आल्याची नोंद आहे, बाहेर गेल्याची नाही. बाहेर जाताना नंबर लिहायचा नियमच आम्ही केला नव्हता.

चांगलं इंजिन रोखीच्या गिऱ्हाइकाला गेलं, हा योगायोग असू शकतो. सतरा वर्षांच्या पोराची चूक असू शकते. मला ती माझी चूक असावी असं वाटतं.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला खरं ते कळवलं. चेसी अस्सल, कागद अस्सल, इंजिन दुसऱ्या गाडीचं. पलीकडून क्षणभर काही आवाज नाही, मग म्हणाले, ‘नंबर मारून मिळेल ना?’ क्रँककेसवरचा आकडा घासायचा आणि बुकातला पंच करायचा. हे सर्रास चालतं, करणारे मला माहीत आहेत आणि ते स्वतःला रिस्टोरर म्हणवतात. गुन्हा तर आहेच, पण त्याहून मला राग याचा येतो की एकदा आकडा घासला की ती गाडी कोण होती हे कायमचं पुसलं जातं. उरलेल्या आरड्यांपैकी किती खऱ्या आणि किती मारलेल्या हे आता सांगता येत नाही, ते अशाच लोकांमुळं. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडं गाडी बघितली असं कानावर आलं. तिचा नंबर कुणी मारलाय याचा मला अंदाज आहे.

आक्कांना सांगायला दुसऱ्यांदा आंबेवाडीला गेलो. वही बरोबर नेली. त्यांना वाचता येत नाही, पण मी पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं, रविवारचंसुद्धा. त्या चिडल्या नाहीत. बराच वेळ गाडीकडं बघत राहिल्या.

‘हलकं इंजिन हुतं म्हंता,’ त्या म्हणाल्या. ‘ह्ये कायम म्हणायचं, गाडीला पयल्यासारखी वड ऱ्हायली न्हाई. तुमच्या वस्तादाला दोनदा जाऊन सांगून आलं. त्यो म्हणाला, पेट्रोल भेसळीचं येतंय.’

मी त्या वेळी तिथं असणार. गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसाचा चेहरा आठवायचा मी खूप प्रयत्न केलाय. दोनदा आला होता तो.

इचलकरंजीची गाडी शोधायला कष्ट पडले नाहीत. माझ्या वहीत २०१४ ची नोंद होतीच, आता ती मुलाकडं आहे. रोज चालवतो. कागद एजंटानं नूतनीकरण करून दिलेले. आकडा वाकून बघायचे कष्ट कुणीच घेतले नसावेत. आंबेवाडीच्यांनी १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण केलंच नाही. केलं असतं आणि कुणी नीट तपासलं असतं, तर १९९९ लाच आकडे उघडे पडले असते, वस्ताद हयात असताना. विचारता तरी आलं असतं.

पोरानं किक मारली. दुसऱ्या किकला दोन्ही सिलिंडर पेटले. टू-स्ट्रोकचा निळा धूर अंगणात पसरला आणि तो थ्रॉटल पिळत राहिला, मला ऐकवायला. क्रँक अजून गात होता. १९९७ नंतर तो उघडलेला नाही म्हणाला, आणि मला ते आवाजावरून पटलं. मी इंजिनाचा नंबर घासून घेतला. आंबेवाडीच्या बुकातला तोच.

मग त्याला सगळं सांगितलं. दोन्ही इंजिनं उतरवून अदलाबदल करायची, खर्च सगळा माझा, त्याचं एलटी इंजिन नवे पिस्टन, नवे सील घालून, क्रँक सरळ करून देईन, दोन्ही बुकं आणि गाड्या जुळतील. त्यानं टाकीवर हात ठेवला. ‘दादा, ही माझ्या बापाची गाडी हाय. त्यांनी आयुष्यभर ह्येच इंजिन चालवलं. ते मी सोडू?’ त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. विचार करून सांगतो म्हणाला. त्याला अडीच महिने झाले. मी मागं लागलेलो नाही. एकदा फोन केला, त्यानं उचलला नाही.

आक्कांचा नातू गाडी चालू करून मागतोय, जी आहे ती, एलटी तर एलटी. गाडी आता माझ्याकडं आणलीय, चाकांवरची गाळाची रेघ अजून पुसलेली नाही. काकांकडून ब्लॉक आणले. बोअरिंगचे पैसे देऊ लागलो तर २००५ चा दर लावला, एक पैसा जास्त नाही. पिस्टन जोडीनं मागवलेत. क्रँक प्रेसवर आहे. डायल लावलाय, आणि डावी बाजू चढलेली आहे.