ब्रिंडिसी स्थानक: मुंबईच्या टपालाच्या जुन्या वाटेवर

दक्षिण इटलीत बारीहून लेच्चेकडे निघालेले बहुतेक पर्यटक वाटेतल्या ब्रिंडिसीला गाडीतून उतरतच नाहीत, आणि जे उतरतात त्यांना ग्रीसची बोट गाठायची घाई असते. मुंबईकराने मात्र येथे अर्धा दिवस जरूर काढावा. एड्रिआटिक किनाऱ्याचा लोहमार्ग १८६५ मध्ये येथवर आला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईकडे निघालेले टपाल युरोप खंड रेल्वेने ओलांडून याच बंदरात आगबोटीवर चढत असे. जिब्राल्टरमार्गे समुद्रातून जाण्याचा वळसा वाचल्याने पत्रे कित्येक दिवस आधी पोहोचत. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही रोमहून रेल्वेने ब्रिंडिसीला आले आणि १४ डिसेंबर १९३१ रोजी 'पिल्सना' बोटीने मुंबईला निघाले.

स्थानक पाहून यातले काहीच ध्यानात येत नाही. फलाट, भुयारी मार्ग, तिकिटाची यंत्रे, एवढेच. खरी गंमत बाहेर पडल्यावर आहे. समोरच्या चौकातून कोर्सो उम्बेर्तो आणि पुढे कोर्सो गारिबाल्डी हे रस्ते रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत आतल्या बंदरावर नेतात. तेथे डावीकडे वळल्यावर त्या टपालमार्गाच्या प्रवाशांसाठी उभारलेले जुने हॉटेल धक्क्यासमोर दिसते आणि जरा पुढे, पायऱ्यांच्या माथ्यावर, रोमन स्तंभ. हे मुळात दोन होते आणि 'व्हिया आप्पिया' हा प्राचीन राजमार्ग येथे संपे, अशी परंपरा आहे. एक स्तंभ १५२८ मध्ये कोसळला. त्याचे तुकडे नंतर लेच्चेला गेले आणि तेथे आज त्यांवर संत ओरोन्झोचा पुतळा उभा आहे. उभ्या स्तंभाचे मूळ कोरीव शीर्ष जवळच्या ग्रानाफेई-नेर्वेन्या वाड्यात ठेवलेले असून त्यावरच्या देवतांचे चेहरे तेथे अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येतात. ते चुकवू नये.

बारीहून लोकल गाडीला साधारण सव्वा तास, लेच्चेहून अर्धा तास लागतो. बारीच्या फलकावर ब्रिंडिसी नव्हे, तर बहुधा 'लेच्चे' हे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, म्हणून मधली स्थानके वाचूनच गाडी ठरवावी. कागदी तिकिटावर चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. रविवारी गाड्या कमी असतात. इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात; तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक लोकल गाड्या धावतातच, हे लक्षात ठेवून परतीचा बेत आखावा.

दुपारी दुकाने बंद होतात, तेव्हा जेवण त्याआधी उरकावे. शाकाहारींना फोकाच्चा हा भाजलेला जाडसर पाव सहज मिळतो, पण पालेभाजी घातलेल्या ओरेक्किएत्ते या पास्त्यात अनेकदा बारीक मासळी असते. मागवण्यापूर्वी विचारलेले बरे. ग्रीसच्या बोटी शहरालगतच्या बंदरातून नव्हे, तर काही किलोमीटर दूर असलेल्या कोस्ता मोरेनाहून सुटतात. तेथे सामान घेऊन पायी जाण्याचा विचार करू नये. स्थानकावरूनच बस किंवा टॅक्सी करावी.