पोटॅशियम भरून निघालं, पुढे?

चौदा वर्षांचा मुलगा. सकाळी अंथरुणातून उठताच येईना म्हणून आईने आणि शेजाऱ्याने उचलून आणला. ताप नाही, मार नाही, हातापायांत बळ मात्र अजिबात नाही. रक्तातलं पोटॅशियम १.९ निघालं. ते ३.५च्या वर असायला हवं.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक. केस माझ्याकडे आली ती वॉर्डातल्या सिस्टरमुळे. मुलाच्या नाकातोंडाभोवती कोरडी लाल कातडी आणि शर्टाच्या बाहीला थिनरसारखा वास, हे तिने टिपलं. विचारल्यावर तो म्हणाला, "सोल्यूशन." सायकलच्या पंक्चरला लावतात ते. रुमालावर ट्यूब पिळायची, मूठ आवळून तोंडाशी धरायची. दिवसाला दोन-तीन ट्यूब, आठ महिने.

त्यातल्या टोल्युइन या द्रावकाने मूत्रपिंडाला आम्ल बाहेर टाकता येत नाही, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं, स्नायू लुळे पडतात. अशा वेळी आम्लावर आधी बायकार्बोनेट दिलं तर उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत शिरतं आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. ग्लुकोजच्या सलाइनचाही तोच धोका. आमच्या निवासी डॉक्टरांनी क्रम चुकवला नाही: मॉनिटर लावून आधी सावकाश पोटॅशियम, मग बाकीचं. तिसऱ्या दिवशी पोरगा आपल्या पायांनी संडासला गेला.

लघवीची नशातपासणी मात्र 'निगेटिव्ह' म्हणून केसपेपरवर चढली. ते किट गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या पकडतं, टोल्युइन नाही. पुढचा वाचणारा समजणार, मुलगा नशा करत नाही. हे मला फार खटकलं. डिस्चार्ज कार्डावर निदानाखाली 'टोल्युइनचं व्यसन' असं मी आग्रहाने लिहून घेतलं.

मग जागेचा शोध. एक व्यसनमुक्ती केंद्र म्हणालं, अठराच्या आतलं घेत नाही. दुसरं तयार होतं, पण मोठ्या दारुड्यांच्याच खोलीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ८७: अल्पवयीन रुग्ण मोठ्यांपासून वेगळा हवा, एका मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासलेला हवा आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्काम त्याच्यासोबत राहायला हवं. अटी योग्यच आहेत. पण मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. दहा दिवस खाडा झाला तर कामं जातात, आणि त्या दहा दिवसांची मजुरी द्यायला कुठलाही विभाग बांधील नाही. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार हुंगण्याच्या नशेसाठी मदत लागणारी १० ते १७ वयाची मुलं ४ लाख ६० हजार आहेत. हुंगण्याची नशाच अशी एक, जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) मुलांत (१.१७ टक्के) जास्त आहे. तरी खाटा मोठ्यांच्याच.

या व्यसनावर खास गोळी नाही. समुपदेशन, घरच्यांची साथ, शाळेत परतणं, एवढंच हाताशी. म्हणून दर सोमवारी ओपीडी आणि पोटॅशियमची तपासणी ठरवली. आईला एक गोष्ट तीनदा सांगितली: तो हुंगताना सापडला तर ओरडायचं नाही, मारायचं नाही, मागे धावायचं नाही. टोल्युइन भिनलेलं असताना दचकला किंवा पळाला तर हृदय जागीच थांबू शकतं. दारं-खिडक्या उघडायच्या, त्याला बसवायचं, हळू बोलायचं. ती म्हणाली, "साहेब, आजवर मी मारतच आले."

दोन सोमवार आला, तिसऱ्याला नाही. आईचा फोन बंद आहे. आशाताईंना पत्ता दिलाय. वस्तीत पंक्चरच्या दोन टपऱ्या आहेत, आधी तिथेच बघा म्हटलंय.