लुगूब्रियस, म्हणजे सुतकी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शिक्षकांच्या आणि वर्गांच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. आपल्या शाळेत इंग्रजी शब्द नुसता पाठ करून भागत नसे, तो वाक्यात कुठे बसतो हेही बघावे लागे. त्याच शिस्तीने आजच्या मुलांसाठी एक शब्द निवडतो : लुगूब्रियस.

कोशात 'उदास, शोकाकुल' असा अर्थ सापडतो आणि तिथेच घोटाळा होतो. मुले तो 'सॅड'च्या जागी सरसकट घालतात. पण हा शब्द मनातल्या दुःखापेक्षा तोंडावर दिसणाऱ्या दुःखाचा आहे, आणि तेही जरा जास्तच, कधीकधी दाखवण्यापुरते. कुणी गेलेले नसताना एखाद्याचा चेहरा सुतकी दिसतो ना, नेमके तेच. म्हणून सांत्वनाच्या पत्रात हा शब्द चुकूनही नको. वाचणाऱ्याला ती टिंगल वाटेल. तिथे 'ग्रीफ' किंवा 'सॉरो' हेच बरे.

चेहरा, आवाज, सूर, संगीत यांना तो शोभतो. 'ही स्पोक इन अ लुगूब्रियस व्हॉइस' हे वाक्य चोख आहे. ब्लडहाउंड कुत्र्याचे लोंबते कान, सुरकुतलेले कपाळ आणि खाली ओघळलेल्या पापण्या पाहिल्या की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कुत्रा मजेत असतो, तोंड तेवढे रडवेले. 'आय फील लुगूब्रियस' मात्र कानाला खटकते, कारण आपले तोंड आपल्याला दिसत नाही. ते बघणाऱ्याने म्हणायचे.

उच्चारताना जोर 'गू'वर द्या, पहिल्या 'लु'वर नाही. स्पेलिंगमध्ये अक्षरे १०, त्यांत 'यू' ३ वेळा. शेवटच्या 'ओ-यू-एस'आधीचा 'आय' बऱ्याचदा गळतो.

मूळ लॅटिन 'लूगेरे', म्हणजे शोक करणे. भाषेचे अभ्यासक त्याचे नाते संस्कृत 'रुज्' धातूशी जोडतात. मोडणे, पीडा देणे हा त्याचा अर्थ. आपले 'रुग्ण' आणि 'रोग' त्यातूनच आले. हे नाते मला फार आवडते.

'सॅलूब्रियस' यमकात बसतो, पण त्याचा अर्थ आरोग्याला पोषक. हवेबद्दल लिहिताना या दोघांची अदलाबदल झाली तर वाक्य पार उलटे होते. 'लॅक्रिमोज'ही जवळचा वाटतो, पण त्याला डोळ्यांत पाणी हवे. लुगूब्रियस माणूस कोरड्या डोळ्यांनीही चालतो.