थ्री फेज? मग आपलीच!

खान्देशातल्या उन्हात जुन्या इटालियन मोटरसायकलचं आधी रबर जातं, मग चार्जिंग. रबराचं काही वाटत नाही. पेट्रोलचे पाइप, एअरबॉक्सचे बूट, टाकीखालची वॉशरं दोन-तीन उन्हाळे काढतात आणि मग हातात भुगा होऊन येतात. नवी टाकायची, विषय संपला. चार्जिंग गेलं की मात्र गाडी उभी राहते आणि लोक सल्ले द्यायला जमतात.

माझी गाडी डुकाटी एसटी2, 1999 सालची. 944 सीसी, दोन सिलिंडर, 83 हॉर्सपॉवर, सहा गिअर, 21 लिटरची टाकी. बोलोन्याच्या कारखान्यातून हे मॉडेल 1997 ते 2003 एवढीच वर्षं बाहेर पडलं. वेगात पळायची आणि दोन माणसं, दोन पेट्या घेऊन लांबही जायची, अशी दोन्ही कामं एकाच गाडीकडून करून घ्यायची ही कल्पना. पोस्टर लावायचे ते तिच्या लाल, रेसिंगवाल्या बहिणींचे लावतात, हिचे कुणी लावत नाही. माझ्या मते तिथेच लोक चुकतात, पण ते असो.

पहिला मालक जहाजावर इंजिनिअर होता. परदेशातला मुक्काम हलवताना घरसामानासोबत ड्युटी भरून त्याने ती आणली. पुढे ती पुण्यात एका सोसायटीच्या तळघरात कव्हरखाली पडून राहिली. मी तिकडे डायचं काम पोचवायला गेलो आणि येताना गाडीच टेम्पोत घालून आणली. घरी काय बोलणं झालं ते लिहीत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत माझा छोटा टूलरूम आहे. चटईच्या मशिनचे सुटे भाग, डाळ मिलचे शाफ्ट, पाइपच्या डाय ही आमची रोजची भाकरी. लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर, मायक्रोमीटर हे सगळं हाताशी आहे. ते नसतं तर ही गाडी घेण्याची हिंमत केली नसती. पुण्या-मुंबईत गाडी सर्व्हिसला देतात. इथे गाडी बिघडली की गावात त्या कामाच्या जवळचं काम कोण करतो, हे शोधावं लागतं.

चार्जिंगचं तसंच झालं. बॅटरी रोज सकाळी बसलेली. बॅटरीला जाणारे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर तर काळा पडलाच होता, पण मीटर लावल्यावर कळलं की स्टेटर, म्हणजे इंजिनातली वीज तयार करणारी तारांची गुंडाळी, तीही गेलीय. नवा मागवायचा तर त्या पैशात घरात फ्रीज आला असता. स्टेटर काढला, पिशवीत घातला आणि गावाबाहेर विहिरीच्या थ्री फेज मोटारी भरणारे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणारे, एक आप्पा आहेत, त्यांच्याकडे गेलो. दुकानात सगळीकडे उघड्या पडलेल्या मोटारी, समोर बाकावर लाइटीची वाट बघत बसलेले शेतकरी.

‘काय शे हाई?’

‘आप्पा, मोटरसायकलचा स्टेटर आहे. इटलीची गाडी.’

इटलीचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी तो उलटापालटा केला. ‘वायरी कितल्या?’

‘तीन पिवळ्या.’

‘म्हंजे थ्री फेज?’

‘हो.’

‘मंग ती आपलीच शे!’

मी म्हटलं, सबमर्सिबलची तार घालू नका. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. सबमर्सिबल मोटार पाण्यात बुडालेली असते म्हणून तिची तार प्लास्टिकच्या आवरणाची. ती थंड राहते, तिला ते चालतं. या स्टेटरवर गरम ऑइल उडत असतं, तिथे ते प्लास्टिक वितळेल. हे मी त्यांना सांगणार होतो, आणि त्यांनीच मला सांगितलं. इनॅमलची तांब्याची तार घेतली, जुनी उलगडताना एकेका पोलचे वेढे मोजून वहीत लिहिले, तारेची जाडी माझ्या मायक्रोमीटरवर ताडून घेतली, आणि भरून झाल्यावर व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजला. नवा मॉसफेट रेग्युलेटर मी पुढे, जिथे वारा लागतो तिथे हलवला. आता चार हजार आरपीएमला बॅटरीवर चौदाच्या थोडे वर व्होल्ट दिसतात. आप्पांनी घेतले तेवढ्यात शोरूमवाल्याने फोनही उचलला नसता.

आता डेस्मोबद्दल. याच गोष्टीसाठी लोक मला वेडा म्हणतात आणि याच गोष्टीसाठी मी ही गाडी घेतली. साध्या इंजिनात कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. इंजिन फार वेगात फिरलं की जुन्या काळच्या स्प्रिंगा मागे पडायच्या, व्हॉल्व्ह वेळेवर बंद व्हायचा नाही. डुकाटीच्या फाबिओ ताल्योनी यांनी 1956 साली रेसच्या 125 सीसी इंजिनात बंद करायचं कामही कॅमलाच दिलं. एक रॉकर, म्हणजे कॅमने हलणारी छोटी तरफ, व्हॉल्व्ह खाली ढकलतो, दुसरा त्याला धरून वर ओढतो. हेच डेस्मो. कल्पना त्यांच्याही आधीची, पण ती निभावून नेली डुकाटीने. माझ्या गाडीत दोन सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ शिम, गॅप जुळवायच्या छोट्या पोलादी टोप्या-चकत्या. उघडणाऱ्या बाजूला शंभर मायक्रॉनच्या आसपास गॅप, बंद करणाऱ्या बाजूला जवळजवळ शून्य. दर दहा हजार किलोमीटरला उघडून बघायचं.

गाडी चालते तसा व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित बसत जातो आणि त्याची दांडी वर सरकते. त्यामुळे उघडणाऱ्या बाजूची गॅप कमी होते, बंद करणाऱ्या बाजूची वाढते. पहिलीचा इलाज सोपा आहे, शिम ग्राइंडरवर धरायची आणि हवी तेवढी उतरवायची. दुसरीला मात्र जाड शिम लागते, आणि घासून कुठली वस्तू जाड होत नाही. ती नवी करावी लागते. ओएचएनएसचा, म्हणजे डायच्या कडक होणाऱ्या पोलादाचा, तुकडा लेथवर घेतला, कडक केला, ग्राइंड केला. पहिली जोडी जमायला चटईवाल्यांचं एक काम दोन दिवस लांबलं. त्यांना कारण सांगितलं नाही.

गंमत म्हणजे खुद्द कंपनीनेच 2020 साली लांब पल्ल्याच्या गाडीच्या नव्या चार सिलिंडरच्या व्ही4 इंजिनातून डेस्मो काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या आणि व्हॉल्व्हची तपासणी थेट 60,000 किलोमीटरवर नेली. शहाणपणाचं आहे ते. आजचं स्प्रिंगचं पोलाद चांगलं आहे, डेस्मोवाचून कुणाचं अडत नाही. तरीही झाकण उघडून त्या दोन रॉकरांना एकाच व्हॉल्व्हवर उलटसुलट काम करताना बघणं मला टीव्ही बघण्यापेक्षा बरं वाटतं.

क्लचचंही सांगून ठेवतो, कारण रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस तेच बोलतो. या गाडीचा क्लच कोरडा, ऑइलबाहेर. न्यूट्रलमध्ये लिव्हर दाबलं की भंगारच्या हातगाडीत सुटे नट-बोल्ट हलावेत तसा आवाज येतो. अजिंठा चौफुलीवर सिग्नलला थांबलो की शेजारचा रिक्षावाला खाली वाकून बघतो आणि मनापासून सांगतो, ‘भाऊ, इंजिनात काहीतरी सुटलंय.’ आधी मी समजावून सांगायचो. आता म्हणतो, हो, दाखवतो. शिवाय शहरात तिला कमी वेग सोसत नाही, तीन हजारांच्या खाली चेन झटके देते. पाणी तापून शंभरच्या वर गेलं की पंखा सुरू होतो आणि ती सगळी वाफ गुडघ्यांवर येते. बाहेर पंचेचाळीस असताना हे काय सुख असेल ते तुम्हीच ठरवा. एप्रिल-मेमध्ये मी फक्त पहाटे काढतो.

तिचं खरं काम शहाद्याच्या रस्त्यावर दिसतं. बायकोचं माहेर तिकडचं. उजाडायच्या आत निघायचं, विदगावच्या पुलावर तापी ओलांडायची, चोपड्याला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागायचं. मग सातपुडा उजव्या हाताला धरून अनेर, शिरपूर करत सरळ पश्चिमेला. रस्ता सगळाच चांगला नाही, ठिगळं भरपूर आहेत, आणि गावागावातले स्पीडब्रेकर कुणी कुठल्या मापाने घालतो देव जाणे. खालचं फेअरिंग, म्हणजे गाडीचं प्लास्टिकचं कवच, घासू नये म्हणून तिरकं चढवावं लागतं. पण मोकळा पट्टा मिळाला की सहाव्या गिअरला, चार हजारांच्या आसपास, शंभरच्या वेगाने ती अशी जाते की मागे बसलेली बायको सासरच्या माणसांबद्दल बोलू शकते. नव्या गाड्यांवर मागची सीट म्हणजे शिक्षा असते. इथे ती बसून डुलकी काढते.

सायलेन्सरांना दोन जागा दिलेल्या आहेत. पेट्या लावायच्या असल्या तर खाली, नुसतं घाटात वळणं घ्यायची असली तर वर. जाताना खाली असतात, कारण पेटीत सासूबाईंसाठी आसोद्याची भरताची वांगी असतात. दुसऱ्या दिवशी मी एकटाच तोरणमाळला निघतो तेव्हा पेट्या काढून वर घेतो. राणीपूर सुटलं की चढ लागतो आणि सातपायरी घाटात एकामागून एक वळणं येतात. तिथे 83 हॉर्सपॉवर भरपूर झाले. त्याहून जास्त असले तर वापरायला जागाच नाही.

सासरेबुवा दर वेळी अंगणात गाडीला फेरी मारतात.

‘जावाईबापू, एव्हरेज कितलं देस?’

‘मामा, सोळा-सतरा.’

‘हाऊ काय ट्रक शे का?’

उत्तर त्यांना पाठ आहे, तरी विचारतात. मग आत फौजदारी डाळ आणि भाकरी तयार असते.

धुळ्या-नाशकाकडून दोघा-तिघांनी विचारलंय की अशी एखादी कुठे पडून असली तर घ्यावी का. घ्या, पण काही गोष्टी बघून. रॉकरवरचा क्रोमचा थर सुटतो का ते झाकण काढून बघा. तो सुटला असेल तर आठही रॉकर महागात पडतील. पिवळ्या तीन वायरींचा कनेक्टर जळका आहे का बघा. साइड स्टँडवर उभी गाडी सरळ करू नका. त्याला जोराची स्प्रिंग आहे, वजन हटलं की स्टँड आपोआप मिटतं आणि गाडी तुमच्या पायावर येते. चहाच्या टपरीवर फोटो काढायला पोरं चढतात तेव्हा हे हमखास होतं, म्हणून मी मधल्या स्टँडशिवाय लावत नाही. टायरची काळजी नको. पुढे 120/70, मागे 170/60, दोन्ही 17 इंची, आपल्याकडे मिळतात.

आणि टायमिंग बेल्ट. दोन आहेत, रबराचे. दोन वर्षं किंवा वीस हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी उभी असली तरी बेल्ट म्हातारे होतात आणि तुटले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग माझा ग्राइंडरही काही करू शकत नाही. म्हणून मालकाला बेल्ट कधी बदलले ते विचारा. ‘गाडी जास्त चाललीच नाही हो’ असं तो म्हणाला तर त्याला ती सुरू करून दाखवू देऊ नका. बेल्टचे पैसे किमतीतून कापा आणि टेम्पो बोलवा.