पिअर २१ वर उतरलेल्या नवऱ्या

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला येणारे बहुतेक प्रवासी पेगीज कोव्हचं दीपगृह बघायला धावतात. मला मात्र आधी पिअर २१ गाठायचं होतं. बंदराच्या काठावरची ही गोदामासारखी लांबलचक इमारत. १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख माणसांनी कॅनडात पहिलं पाऊल टाकलं ते इथे. आता तिथे स्थलांतराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी गेले ती त्या दहा लाखांतल्या युद्धवधूंसाठी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांशी लग्न करून इथे आलेल्या परदेशी मुलींसाठी.

डिसेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे सैनिक इंग्लंडात उतरले आणि जानेवारी संपायच्या आत अल्डरशॉट या लष्करी छावणीच्या परिसरात पहिलं लग्न लागलंसुद्धा! पुढच्या सहा-सात वर्षांत अशी सुमारे अठ्ठेचाळीस हजार लग्नं झाली. बहुतेक मुली ब्रिटिश, काही हॉलंड-बेल्जियमच्या. ओळख व्हायची नाचाच्या हॉलमध्ये, कॅन्टीनमध्ये, नाहीतर ब्लॅकआउटच्या अंधारात रस्ता चुकल्यावर. लग्नाला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे. ती मिळेपर्यंत कुणाची तुकडी कुठे जाईल याचा भरवसा नसे. या घाईला लोक उतावीळपणा म्हणतात, मला ते पटत नाही. उद्या बॉम्ब पडेल की नाही हेच ठाऊक नसताना त्या मुलींनी थांबायचं तरी कशासाठी?

खरी परीक्षा युद्ध संपल्यावर सुरू झाली. कॅनडा सरकारने १९४४ मध्ये लंडनला या बायकांसाठी खास कचेरी उघडली होती. प्रवासाचा खर्चही सरकारचाच. १० फेब्रुवारी १९४६ ला ‘मॉरिटानिया’ ही बोट नऊशेहून अधिक बायका-मुलांना घेऊन या धक्क्याला लागली. मग ‘अ‍ॅक्विटानिया’, ‘क्वीन मेरी’, ‘लेटिशिया’ अशी रांगच लागली. अटलांटिकच्या लाटांनी बायका हैराण, त्यातच तान्ह्या मुलांचे लंगोट धुवायचे. पण जेवणाच्या टेबलावर पांढराशुभ्र पाव! युद्धातला करडा, जाडाभरडा पाव वर्षानुवर्षं खाल्लेल्यांना तो बघूनच भरून यायचं.

खिडकीपाशी मी बराच वेळ रेंगाळले. समोर जॉर्जेस आयलंड आणि बंदराचं पाणी. आपल्याकडे सासरी निघालेल्या मुलीला निदान दिवाळीला माहेरी यायची आशा असते. यांचं माहेर बोटीने आठवडाभराच्या वाटेवर, आणि परतीचं भाडं आवाक्याबाहेरचं. कित्येकींना आईचं तोंड पुन्हा कधीच दिसलं नाही.

धक्क्यावर रेड क्रॉसच्या बायका मुलांना कडेवर घ्यायच्या, चहा द्यायच्या. तिथूनच खास गाड्या सुटत. वाटेत एखाद्या आडबाजूच्या स्टेशनवर गाडी थांबायची, एकटीच बाई उतरायची आणि फलाटावर नवरा शोधायची. आजवर गणवेशातच पाहिलेला माणूस आता साध्या कपड्यांत! कुणाला मायेचं सासर मिळालं. कुणाला गवताळ प्रदेशातलं लाकडी घर मिळालं. वीज नाही, नळ नाही, शेजारी कोसभर लांब. काही जणी परत गेल्या. बहुतेक राहिल्या, आणि मला तरी ते राहणं त्या प्रेमात पडण्याहून कितीतरी मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. यांच्यातल्या काहींना आणि त्यांच्यासोबत आलेल्या मुलांना पुढे म्हातारपणी कळलं की कायद्याच्या लेखी आपण कॅनडाचे नागरिकच नाही. १९४७ च्या नागरिकत्व कायद्यातल्या अटींचा हा घोळ. २००९ च्या दुरुस्तीने बऱ्याच जणांना न्याय मिळाला. सैनिकाच्या हाकेला ओ देऊन समुद्र ओलांडणाऱ्यांना तेवढी वाट बघायला लावणं अन्यायच होता.

तुम्ही गेलात तर संग्रहालयातल्या वंशावळ-केंद्रासाठी वेळ राखून ठेवा. नातवंडं तिथे येऊन आजीच्या बोटीचं नाव शोधून घेतात. शिवाय जमलं तर परतताना विमान टाळा आणि जवळच्याच स्टेशनातून माँट्रियलची ‘ओशन’ गाडी पकडा. ट्रुरो, मॉन्क्टन करत ती रात्रभर जंगलातून जाते. मी तशीच गेले.