समुद्रातला कार्बन डायऑक्साइड मोजायला निघालो आणि परवानगीपाशी अडलो: माझा अनुभव

जहाज ठरवणं, यंत्र बसवणं, वेगवेगळ्या देशांतल्या गटांना एका वेळापत्रकावर आणणं, हे सगळं सुरळीत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते एका किनारी देशाच्या एका कार्यालयात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या आमच्या अर्जाबद्दल. त्या वाटेने पुढे कुणी जाणार असेल तर त्याचा वेळ वाचावा, आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही, म्हणूनही.

योजना साधी होती. एका संशोधन जहाजाच्या संपूर्ण प्रवासात पृष्ठभागाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सलग मोजायचा. समन्वयाचं काम माझ्याकडे होतं. वाटेचा बराच भाग खुल्या समुद्रातून जात होता, पण मधला मोठा पट्टा एका देशाच्या ईईझेडमधून (अनन्य आर्थिक क्षेत्रातून), म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आतून जात होता. तिथून जहाज न्यायला कुणाची संमती लागत नाही. तिथलं पाणी संशोधनासाठी मोजायचं म्हटलं की मात्र लागते.

तो पट्टा टाळून जा, असं आम्हाला पुष्कळांनी सुचवलं. पण नेमका तोच हवा होता. त्या किनाऱ्याजवळ खोलातलं थंड पाणी वर येतं. त्यात कार्बन भरपूर असतो, त्यामुळे तिथे समुद्र वायू शोषण्याऐवजी हवेत सोडतो. थोडं पुढे गेलं की प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, वाढीमुळे चित्र उलटतं. काही तासांच्या प्रवासात आकडे इतके बदलतात की दोन टोकांच्या मोजमापांवरून मधला अंदाज बांधणं धोक्याचं. माणसाच्या उत्सर्जनापैकी साधारण एक चतुर्थांश समुद्र घेतो असं आपण म्हणतो. तो आकडा अशाच मोजमापांवर उभा आहे, आणि मोजमापं जिथे नाहीत तिथे तो अंदाजावर उभा आहे.

आता अर्ज. समुद्री कायद्याचा करार १९८२ चा, लागू झाला १९९४ मध्ये. त्याचा तेरावा भाग सागरी संशोधनाचा आहे. कलम २४८ प्रमाणे मोहिमेच्या किमान सहा महिने आधी माहिती द्यायची: उद्देश, पद्धत, जहाजाचं नाव, टनभार आणि प्रकार, नेमकं क्षेत्र, जहाज क्षेत्रात कधी शिरणार आणि कधी बाहेर पडणार, जबाबदार संस्था आणि प्रमुख व्यक्ती, शिवाय किनारी देशाला मोहिमेत कसं सहभागी होता येईल तेही. आम्ही हे सहा महिन्यांच्याही बरंच आधी दिलं. अर्ज थेट जात नाही. आपल्या परराष्ट्र खात्याकडून दूतावासाकडे, तिथून त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे, आणि मग तिथल्या संरक्षण, मत्स्य, पर्यावरण अशा खात्यांकडे. प्रत्येक टप्प्यावर कागद कुणाच्या टेबलावर आहे ते विचारून लिहून ठेवा. आम्ही पहिल्या टप्प्यापासून हे करत होतो, म्हणूनच अडलं कुठे ते नेमकं कळलं.

अडलं शेवटच्या कार्यालयात. आधी बराच काळ काहीच नाही. पोच मिळाली, तीही दूतावासातल्या एका कर्मचाऱ्याने स्वतः पाठपुरावा केला म्हणून. कलम २५२ म्हणतं की किनारी देशाने चार महिन्यांत नकार, माहितीतली विसंगती किंवा जादा माहितीची मागणी कळवली नाही, तर अर्जापासून सहा महिन्यांनी काम सुरू करता येतं. गृहीत संमती म्हणतात तिला. आमच्यातले काही जण त्यावर विसंबून होते. चार महिन्यांची मुदत संपत आली आणि एका ओळीचं पत्र आलं: उपकरणांचा संपूर्ण तपशील सादर करावा. कोणत्या उपकरणांचा, कशासाठी, किती तपशील, काही नाही.

आम्ही तपशील पाठवला. जहाजाच्या बुडाजवळच्या नळीतून पाणी आत येतं, संतुलन पात्रात त्याचा फवारा होतो, पाण्याच्या वरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी समतोलात येतो, ती हवा इन्फ्रारेड विश्लेषकात जाते, पाणी परत समुद्रात. समुद्रात दुसरं काही सोडायचं नाही, तळाला हात लावायचा नाही, कुठे थांबायचंही नाही. यापेक्षा निरुपद्रवी मोजमाप मला माहीत नाही. पुन्हा शांतता. फोन केला की संबंधित अधिकारी जागेवर नाहीत. मेल केला की विषय विचाराधीन आहे. विचार कोण करतंय, तेही सांगायला कुणी तयार नाही.

मी या कायद्याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते. आपल्या किनाऱ्यासमोर येऊन कुणीही संशोधनाच्या नावाखाली तेल आणि खनिजं धुंडाळू नयेत, यासाठी किनारी देशांनी हा हक्क भांडून मिळवला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याच कराराचं कलम २४६ असंही सांगतं की सर्वसाधारण परिस्थितीत, शांततापूर्ण आणि साऱ्या मानवजातीच्या हिताच्या संशोधनाला संमती द्यावी आणि ती विनाकारण लांबू नये अशी व्यवस्था देशांनी करावी. नकार द्यायची कारणंही तिथेच आहेत: साधनसंपत्तीचा शोध, तळाचं खोदकाम, कृत्रिम बांधकाम, अर्जातली चुकीची माहिती, आधीच्या मोहिमेची थकलेली देणी, म्हणजे न दिलेले अहवाल आणि आकडे. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. नकार आला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. गप्प बसलेल्या कार्यालयाला उत्तर कसं देणार?

याच काळात आमच्या गटात एक वाद झाला, तो सांगते कारण तुमच्याकडेही होईल. काहींचं म्हणणं, व्यापारी जहाजं हवामानाची निरीक्षणं नेहमी घेतातच, त्यासाठी कुणी असा अर्ज करत नाही. मग नळीतलं पाणी मोजायला संमती कशाला? हा युक्तिवाद कार्यालयासमोर करू नका. हवामानाच्या नोंदींची प्रथा वेगळी आहे. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक मोजमाप संशोधनातच धरलं जातं, आणि पळवाट शोधताय असा वास आला की दार कायमचं बंद होतं. समुद्रात सोडून दिलेल्या, स्वतःहून मोजमाप करणाऱ्या आर्गो तरंगयंत्रांचंच बघा. ती आपोआप वाहत दुसऱ्या देशाच्या क्षेत्रात जातात, तरी त्यांच्यासाठी युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने आगाऊ कळवण्याचे वेगळे नियम ठरवले आहेत. तसे नियम नळीतल्या पाण्यासाठी झाले तर आमच्यासारख्यांचा किती वेळ वाचेल. तोवर अर्जाला पर्याय नाही.

गृहीत संमतीचं काय झालं, हेही सांगून टाकते. जहाज चालवणाऱ्या संस्थेने ती वापरायला ठाम नकार दिला आणि मला ते पटलं. जादा माहिती मागवलेली असताना मुदत पूर्ण झाली की नाही यावर वाद घालता येतो, आणि परक्या देशाच्या क्षेत्रात असा वाद कप्तानाच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. कागदावर ते कलम भक्कम दिसतं. वेळापत्रक त्याच्या भरवशावर आखू नका.

गाठ सुटली ती त्याच देशातल्या एका समुद्रशास्त्रज्ञ बाईंमुळे. कलम २४९ प्रमाणे किनारी देशाची इच्छा असेल तर त्याचा प्रतिनिधी जहाजावर घ्यावा लागतो, त्यासाठी आम्ही तिथल्या संशोधकांना आधीच पत्रं लिहिली होती. त्यांनी जहाजावर यायला होकार दिला आणि एक दिवस स्वतः त्या कार्यालयात जाऊन बसल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अहो, तुमच्या कार्बनबद्दल कुणाला काहीच हरकत नाही. जहाजाच्या माहितीपत्रकात बहुकिरणी एको साउंडर लिहिलाय ना, त्यावर गाडी अडलीय. ते तळाचा नकाशा काढू शकतं, म्हणून संरक्षण खात्याने फाइल बाजूला ठेवलीय."

महिनोन्‌महिने आम्ही पाणी, वायू आणि नळ्यांबद्दल पानंच्या पानं लिहीत होतो, आणि त्यांची शंका जहाजाला कायमच्या बसवलेल्या एका वेगळ्याच यंत्राबद्दल होती. एका वाक्यात विचारलं असतं तर एका दिवसात उत्तर मिळालं असतं. आम्ही त्याच दिवशी पत्र तयार केलं: त्या देशाच्या क्षेत्रात शिरण्याआधी एको साउंडर बंद होईल, बंद केल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची नोंद जहाजाच्या लॉगबुकात होईल, तुमचा प्रतिनिधी त्यावर सही करेल. कप्तानाने ते मान्य केलं. संमती आली तेव्हा जहाज बंदरातून निघून गेलं होतं, पण हद्दीपर्यंत पोचलं नव्हतं. त्या बातमीने मला काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. पट्टा मोजला गेला, सलग, एकही खंड न पडता.

तेव्हा माझा पहिला सल्ला हाच. अर्जासोबत एक वेगळं पान जोडा: जहाजावरची कोणकोणती यंत्रं त्या क्षेत्रात बंद राहतील. नमुना अर्जात असा रकाना असो वा नसो. आणि स्थानिक संशोधकाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. त्यांना त्यांच्या किनाऱ्याची मोजमापं आपल्यापेक्षा जास्त हवी असतात.

विश्लेषक पडताळायच्या प्रमाणित वायूंच्या सिलिंडरचं राहिलंच. किमान दोन, ज्यांत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण शून्य नाही असे, जागतिक हवामान संघटनेच्या मापनश्रेणीशी जोडलेले लागतात. दाबाखालचा वायू म्हणून त्यांची वाहतूक धोकादायक मालात मोडते, तेव्हा ते जहाजाच्या मूळ बंदरातच चढवा. बाटल्यांत नमुने घेणार असाल तर त्यात मर्क्युरिक क्लोराईड घालावं लागतं. ते विष आहे, त्याचे कागद वेगळे. पडताळणीसाठीचं प्रमाणित समुद्रजल जगभरातले गट मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेतून घेत आले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तिथलं काम थांबलं तेव्हा एकाच ठिकाणावर विसंबण्याचा धोका सगळ्यांना कळला. लागतं त्याच्या खूप आधी मागवा.

पुढचा टप्पा सॉकॅटचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या समुद्रातल्या कार्बन डायऑक्साइडच्या जागतिक संग्रहाचा. २००७ साली पॅरिसच्या बैठकीत त्याची कल्पना पुढे आली आणि २०११ मध्ये पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा त्यात ६३ लाख मोजमापं होती. तपासणी करतात ते निरनिराळ्या सागरी प्रदेशांचे गट, आणि बहुतेक सगळे स्वेच्छेने. आयओसीसीपी ही समन्वय करणारी संस्था पद्धती जुळवते, लोकांना एकत्र आणते. तिच्याकडे स्वतःची जहाजं नाहीत, हे नव्या लोकांना सांगावं लागतं. जहाज आणि परवानग्या ज्याच्या त्याच्या.

इथे आम्हाला काहीच त्रास झाला नाही, याचा मला अभिमान आहे. कारण तापमान. पाणी नळीतून पात्रापर्यंत येताना थोडं तापतं, आणि एक अंश सेल्सिअसमागे कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब साधारण ४.२३ टक्के वाढतो. ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिलेला हा आकडा अजून वापरात आहे. ४०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरला ती वाढ १७ च्या आसपास होते. सॉकॅट आकड्यांना गुणवत्तेच्या श्रेणी देतं, आणि वरच्या दोन श्रेणींसाठी अचूकता २ च्या आत लागते. म्हणून पात्रातला तापमापक ०.०५ अंशापर्यंत अचूक हवा आणि त्याचं अंशांकन प्रमाणपत्र मोहिमेआधीचं हवं. आमचं होतं. मोहिमेचा बारा अक्षरांचा संकेतही आधीच ठरवून ठेवा: पहिली चार जहाजाची, मग निघण्याची तारीख. सगळ्या फायलींवर तोच.

सर्वांत वरची श्रेणी मिळायला आपली मोजमापं दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मोजमापांशी एकाच जागी, जवळपास एकाच वेळी जुळावी लागतात. आमची जुळली ती त्या बाईंच्या गटाने त्याच पट्ट्यात घेतलेल्या मोजमापांशी. परवानगी नसती तर हे आकडेच नसते.

२०१७ नंतर या संग्रहात दरवर्षी येणारी मोजमापं घटत गेली आहेत. पैसा हे त्याचं मोठं कारण आहे. पण जे मोजायला तयार आहेत त्यांनाही कागदांवर थांबवून ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. त्या कार्यालयाने एक संपर्क अधिकारी नेमावा आणि शंका काय आहे ती लिहून कळवावी, एवढी मागणी आम्ही दूतावासामार्फत लेखी केली आहे.

आणि संमती मिळाली म्हणजे आपलं देणं संपलं असं समजू नका. प्राथमिक अहवाल आणि आकडे त्या देशाला द्यायचे असतात, आणि थकलेली देणी हे पुढच्या अर्जाला नकार द्यायचं वैध कारण आहे. आमचा अहवाल जहाज परतल्यावर लगेच गेला, दूतावासामार्फत, आणि एक प्रत थेट संरक्षण खात्याच्या त्या टेबलासाठी. सोबत एको साउंडर बंद असल्याच्या लॉगबुकातल्या पानाची प्रत. पुढच्या मोहिमेच्या अर्जाला ते पान आधीच जोडून ठेवलं आहे.